वरून उड्या, खाली आम्ही

माजी सैनिकांच्या मेळाव्याला लष्कराची पॅराशूट टीम येणार असं ठरलं आणि पहिला प्रश्न निघाला तो मैदानाचा. निपाणीत मैदानाचा प्रश्न निघाला की माणसं माझ्याकडं येतात. मी मराठी शाळेत पीटीचा मास्तर. खो-खो असो, कबड्डी असो, नाहीतर पंधरा ऑगस्टची कवायत, फक्की मारायला बोलावणं मलाच. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "सर, मधोमध एक मोठा गोल तेवढा आखून द्या. बाकी काय, ती वरून येणार आणि त्यात उतरणार." एवढ्या बोलीवर मी हो म्हटलं आणि शाळा सुटली की मैदान, असा माझा दिनक्रम होऊन बसला.

गावात बातमी फिरली ती 'आकाशगंगा' येणार अशी. आकाशगंगा ही हवाई दलाची टीम, १९८७ साली आग्र्यात उभी राहिलेली. लोकांना तेवढं एकच नाव ठाऊक. आमच्याकडं येणारे लष्कराचे होते. हे मी सुरुवातीला चारचौघांना सांगून बघितलं, मग सोडून दिलं. तसं या भागाला फौजेचं नवल नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, सांबऱ्याला हवाई दलाचं एअरमन ट्रेनिंग स्कूल, आणि निपाणी-संकेश्वरपासून पलीकडं गडहिंग्लज-चंदगडपर्यंत गल्लीत एक तरी फौजी असतोच. पण फौजेतला माणूस आभाळातून आपल्या मैदानात उतरणार म्हटल्यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही अप्रूप वाटायला लागलं.

रेकीला एक सुभेदार आणि एक हवालदार आले. हवालदार चंदगडचा, त्यामुळं बोलण्याची सोय झाली. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यानं मनगट माझ्यापुढं धरलं. घड्याळापेक्षा थोराड तबकडी, आकडे हजार फुटांचे. सकाळी सांबऱ्याच्या धावपट्टीवर त्यानं काटा शून्यावर लावला होता. हत्तरगी, संकेश्वर करत तवंदीचा घाट उतरून आमच्या मैदानात येईपर्यंत काटा शून्याच्या मागं सरकलेला.

"बघा सर, मीटरच्या हिशेबानं तुम्ही लोक जमिनीखाली राहता," म्हणाला.

मी हसलो, पण तो कामाचंच सांगत होता. हा मीटर हवेच्या दाबावर उंची दाखवतो. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० फुटांवर, निपाणी त्याहून काहीशे फूट खाली. हेलिकॉप्टर उडणार सांबऱ्याहून आणि माणूस उतरणार निपाणीत. म्हणून निपाणीच्या जमिनीला शून्य येईल असा काटा आधीच सरकवून घ्यायचा. शिवाय पाठीवरच्या राखीव पॅराशूटला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. माणूस हवेत बेशुद्ध पडला किंवा हात अडकला आणि साधारण ७५० फुटांपर्यंत त्याचा पडण्याचा वेग कमी झालाच नाही, तर हे यंत्र आपण होऊन राखीव पॅराशूट उघडतं. त्यालाही उतरायची जमीन किती खाली आहे ते सांगून ठेवावं लागतं.

"आपण उंचावरनं सखल भागात येतोय ते एक बरं," हवालदार म्हणाला. "इसरलं तरी खाली जागा जास्तच मिळती. उलटं असतं तर खेळ खलास."

सुभेदार तोवर मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. तो मैदानाकडं बघतच नव्हता, मैदानाच्या बाहेर बघत होता. जागच्या जागी हळूहळू फिरत एकेक विचारायला लागला. ते काय? पाण्याची टाकी. ते? मोबाइलचा टॉवर. त्या तारा चालू आहेत? चालू. आणि त्या उसात काय आहे? "ऊस," मी म्हटलं. तो हसला नाही. फडाच्या आत काय आहे हे त्याला हवं होतं.

मग शेतकऱ्याला घेऊन आम्ही फडात शिरलो. आत दोन विहिरी निघाल्या. एकीला कठडा नाही, काठावर घाणेरी माजलेली, पाच पावलांवर जाईपर्यंत दिसायची नाही. वाऱ्यानं एखादा मैदानाबाहेर गेला तर तो उसात उतरणार हे धरूनच चालायचं. ऊस तसा बरा, पाती हातापायाला कापतात पण हाड मोडत नाही. विहिरीचं तसं नाही. पाण्यात पडलेल्या माणसावर कापड येऊन बसतं, दोऱ्या पायात गुंततात, आणि पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेलच असं नाही. दोन्ही विहिरींवर उंच बांबू रोवून लाल फडकी बांधायची ठरली. शेतकरी आधी कुरकुरला, "लाल कापाड बघून लोकं म्हणतील, हिरीत कोण तरी मेलंय." तरी बांधू दिली.

पुढचा आठवडा पत्रांत गेला. तारांची वीज तेवढ्या वेळापुरती बंद ठेवा म्हणून हेस्कॉमला, बंदोबस्तासाठी पोलिसांना, अँब्युलन्ससाठी सरकारी दवाखान्याला. पत्रं कन्नडमध्ये, ती आमच्या शाळेच्या क्लार्कनं लिहून दिली. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. माणूस शांत असला की पत्रं पोचतात.

भांडण झालं ते पताकांवरून. सुभेदारानं दिलेल्या यादीत स्पष्ट होतं: मैदानात एक दोरी नको, पताका नको, कमान नको. आणि आपल्याकडं कार्यक्रम म्हटला की आधी फ्लेक्स, मग कार्यक्रम. प्रवेशाला लोखंडी चौकटीची कमान उभी झाली होती, आणि तिच्यापासून स्टेजपर्यंत आडव्यातिडव्या पताका. "अहो सर, पताका काय, कागदाच्या तर हायत," असं मलाच ऐकवलं. पताका कागदाच्या, पण दोरी नायलॉनची. पॅराशूट उघडल्यावर माणूस अलगद तरंगत खाली येतो असं आपल्याला लांबून वाटतं. प्रत्यक्षात तो पुढंही जात असतो, तासाला तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगानं. मोटरसायकलवाल्याच्या गळ्यात मांजा आला की काय होतं ते निपाणीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून मी मांजाचंच उदाहरण दिलं. पताका उतरल्या. कमान बाहेर रस्त्यावर गेली. त्या कमानीवर ज्याचा फोटो होता तो गृहस्थ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दिवस जानेवारीचे. मैदानाला लागून असलेल्या रानात कापलेली तंबाखू वाळत पडली होती. मालक तावातावानं आला. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं माल उडाला तर भरपाई कोण देणार? हवालदारानं सांगितलं, हेलिकॉप्टर सहा हजार फुटांवरच राहणार, खाली येणारच नाही. मालकानं जरा विचार केला. "मग ठीक हाय. माणसं पडली तंबाखूत तर पडूद्यात. पर बुटं काढून पडा म्हणावं."

सगळ्यात जास्त घाम गाळायला लावला तो ध्वजानं. सहाजण उडी मारणार, त्यातला एक तिरंगा घेऊन. हा ध्वज भला मोठा असतो. उतरणाऱ्याच्या खाली दोरीला लटकतो आणि दोरीच्या टोकाला वजनाची पिशवी असते, त्यामुळं कापड ताठ राहतं. दिसायला फार देखणं. पण जमिनीवर आधी पोचते पिशवी, मग ध्वज, मग माणूस. आणि ध्वजसंहितेप्रमाणं ध्वज जमिनीला टेकू द्यायचा नाही. म्हणजे खाली झेलणारे पाहिजेत. सुभेदार म्हणाला, टीमचे आम्ही खाली दोघंच असू, आठ पोरं द्या. चपळ हवीत आणि सांगितलेलं ऐकणारी हवीत.

हे दोन्ही गुण एका पोरात सापडणं अवघड. मी खो-खोच्या मुलींचा संघ दिला.

पहिल्यांदा आम्ही जुन्या चादरी एकमेकींना शिवून शाळेच्या गच्चीवरून खाली सोडल्या. त्यातून काही साधलं नाही. चादर सरळ खाली येते, ध्वज तिरका येतो. मग हवालदार, जो आता दर दोन दिवसांनी बेळगावहून यायला लागला होता, त्यानं माझी स्प्लेंडर मागितली. पाठीमागं आमच्या शाळेचा शिपाई उलटा तोंड करून बसला. त्याच्या हातात बांबू, बांबूला चादरी, टोकाला वाळूची पिशवी. गाडी वीस-पंचवीसच्या वेगानं मैदानातून जायची, हवालदार "आली!" म्हणून ओरडायचा, शिपाई बांबू खाली करायचा, आणि पिशवी टेकली रे टेकली की मुलींनी धावून चादर वरच्या वर धरायची. हे बघायला रोज संध्याकाळी कट्ट्यावर गर्दी. शिपाई दोनदा पडला. त्यानंतर त्यानं हेल्मेट घालायला सुरुवात केली आणि त्याचा रुबाब वाढला.

नियम मोजकेच. उतरणाऱ्याच्या पुढून कधी यायचं नाही, मागून यायचं. पिशवी जमिनीला लागेपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही, कारण ती डोक्यात बसली तर टाके पडतील. कापड ओढायचं तर मुळीच नाही. आपण खाली ध्वज धरतो तेव्हा माणूस वर अजून हवेत असतो, त्याचं सगळं लक्ष उतरण्यावर, आणि खालून हिसका बसला की तो कलंडतो. दोन्ही हात खाली घालून गोळा करायचं, त्याच्याबरोबर चार पावलं पळायचं, आणि हवालदार दोरी सोडवील तोवर हलायचं नाही.

अडचण आली खो-खोच्याच सवयीची. खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तीच. मध्येच वळली की फाऊल. ही गोष्ट वर्षानुवर्षं मीच पोरींच्या अंगात भिनवलेली. आता चादर डावीकडं वळली तरी पोरी नाकासमोर सुसाट. ओरडून सांगावं तर "हो सर" म्हणायच्या, आणि पुढच्या वेळी परत तेच. मग माझ्या ध्यानात आलं की मी गळ्यात शिट्टी घालून उभा आहे, आणि शिट्टी दिसली की त्यांना फाऊल आठवतो. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी घरी ठेवली. तेव्हापासून त्या वळायला लागल्या.

संघाची कॅप्टन नववीतली, तोंडानं फटकळ. तिनं हवालदाराला विचारलं, "दादा, वाऱ्यानं झेंडा आमच्याकडं आलाच नाही तर?"

"मग तू त्याच्याकडं जायाचं. वारा काय तुला इचारून येनार हाय?"

मेळाव्याच्या दिवशी मी पहाटे उठून गोल आखला. तीन इंची रेघ, एकसारखी, कुठं तुटलेली नाही. सुभेदार आला, गोल बघून मनापासून "बहोत बढिया" म्हणाला, आणि मधोमध नारिंगी कापडाचा मोठा फुलीचा आकार अंथरायला सांगितला. सहा हजार फुटांवरून फक्कीची रेघ कोणाला दिसते? माझा गोल शेवटी गर्दी आवरायला कामी आला.

कार्यक्रम दुपारी चारला. सकाळी पान हलत नव्हतं. जेवणवेळेनंतर वारा सुटला आणि तीनपर्यंत मंडपाच्या कनाती फडफडायला लागल्या. बांबूवर लावलेला विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, कधी आडवा ताठ, कधी निम्म्यावर लोंबता. सुभेदार हातातला छोटा वारामापक उंच धरून मैदानाच्या कडेनं चालत होता, आकडा सांगायचा, हवालदार वहीत लिहायचा. चौदा. सोळा. अठरा. मध्येच बावीस. परत पंधरा. हे नॉट, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. मला वाटत होतं त्याची काळजी बावीसची असेल. त्याला खुपत होतं ते बावीसनंतरचं पंधरा.

हवालदारानं ते असं समजावलं. हे पॅराशूट चौकोनी असतं, दोन थरांच्या कापडात पुढून हवा भरते आणि त्याचा पंख होतो. उतरताना वाऱ्याकडं तोंड करायचं, म्हणजे आपला पुढं जाण्याचा वेग वारा खातो. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की दोन्ही हातांतले टॉगल, म्हणजे दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढायचे. पॅराशूट थबकतं आणि माणूस चालत उतरतो. पण नेमक्या त्याच क्षणी वाऱ्याचा झोत बंद पडला तर आधार जातो आणि तोच माणूस धाडदिशी खाली. त्यातून टाकीसारख्या उंच बांधकामाच्या आडोशाला वारा गरगरतो, तिथं तर विचारायलाच नको.

बरोबर चारला हेलिकॉप्टर डोक्यावर आलं. ध्रुव. खुर्च्यांवरून लोक उठले. पहिल्या फेरीत त्यातून रंगीत कागदाचा लांब पट्टा सुटला. खालच्या टोकाला थोडं वजन लावलेला हा पट्टा पॅराशूटवरच्या माणसाच्या बेतानंच खाली येतो. तो लक्ष्याच्या बरोबर डोक्यावरून टाकतात. जिकडं आणि जितका वाहत जाईल त्याच्या उलट बाजूला तितक्याच अंतरावर जाऊन माणसांनी उडी मारायची, असा तो हिशेब. आमचा पट्टा मैदान ओलांडून, ऊस ओलांडून, तंबाखूच्या रानावरून रस्त्यापलीकडच्या वखारीमागं गेला. दुसरा टाकला. तो कुठं गेला ते कोणालाच दिसलं नाही. लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, टाळ्या पडल्या.

सुभेदार वॉकीटॉकीवर दोन वाक्यं बोलला. हेलिकॉप्टर वळलं आणि बेळगावच्या दिशेनं निघून गेलं.

मग समिती धावत आली. पाहुणे बसलेत, लोक लांबून आलेत, पेपरवाले आलेत. सुभेदारानं वही पुढं केली. वहीकडं कोणी बघितलं नाही. "साहेब, झेंडा नको, सगळे नको. एखादा तरी माणूस टाका," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. सुभेदार हिंदीत बोलला, आवाज न चढवता. त्याचं म्हणणं असं की बावीस नॉटमध्ये उतरून दाखवतो म्हणणारे त्या हेलिकॉप्टरमध्ये सहाच्या सहा आहेत, आणि म्हणूनच हे त्यांना विचारायचं नसतं. बंदोबस्ताचे पीएसआय पलीकडं उभे होते. ते आभाळाकडं बघून म्हणाले, "गाळी भाळ ऐति, बिडरी." वारा फार आहे, सोडा. वर्दीतल्या दोघांचं एक झाल्यावर समिती मागं हटली.

गर्दी पांगताना काय काय ऐकलं. पेट्रोल संपलं असणार. घाबरली असणार. पैसे खाल्ले असणार. उडी मारणं हे त्या लोकांचं रोजचं काम आहे, भरल्या मैदानासमोर ती न मारणं मला जास्त अवघड वाटलं. मी त्या सुभेदाराच्या जागी असतो तर एक माणूस टाका म्हणणाऱ्यांपुढं किती टिकलो असतो, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांनी पहिल्यापासूनच राखीव धरली होती. रेकीच्या कागदावरच तसं लिहिलेलं, समितीनं ते वाचलं नव्हतं एवढंच. सकाळी धुकं विरळ झालं, विंडसॉक बांबूला चिकटून पडलेला. पाहुणे नव्हते, स्टेज रिकामं. शाळेची पोरं, फिरायला निघालेली मंडळी, रात्री मुक्कामाला राहिलेले माजी सैनिक आणि वीज बंद करायला आलेला लाइनमन. खरं सांगायचं तर हेच प्रेक्षक बरे होते.

या वेळी कागदी पट्टा मैदानाच्या कडेलाच पडला. सुभेदारानं मान हलवली. हेलिकॉप्टर वर चढत चढत एवढं लहान झालं की आवाज एकीकडून आणि हेलिकॉप्टर भलतीकडं असं वाटायला लागलं. दारातला जंपमास्टर ओणवा होऊन सरळ खाली बघत पायलटला डावं-उजवं सांगत असतो, असं हवालदार म्हणाला. आम्हाला दिसले ते फक्त ठिपके. पहिल्या ठिपक्याचं पॅराशूट लगेच उघडलं, तो ध्वजवाला. बाकीचे पाच पडतच राहिले, पायाला बांधलेल्या नळ्यांतून नारिंगी धूर सोडत. पंधरा-वीस सेकंदच, पण पोटात गोळा येतो. अशा मोकळ्या पडण्यात, म्हणजे फ्रीफॉलमध्ये, वेग तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. साडेतीन हजार फुटांच्या सुमारास एकेक पॅराशूट उघडलं. आधी दिसतं, 'फट्' आवाज मागून येतो.

मग ते गिरक्या घेत, एकमेकांत अंतर ठेवत, पाळीपाळीनं नारिंगी फुलीवर आले. दोघं फुलीवर, दोघं फुलीच्या कडेला, एक जरा लांब. लांब उतरलेल्याला बाकीच्यांनी तिथंच चिडवायला सुरुवात केली. धुराच्या नळ्या भलत्या तापलेल्या असतात, त्यामुळं पोरांना लांब ठेवायचं काम माझ्याकडं.

ध्वज सगळ्यात शेवटी आला. उसावरून खाली उतरताना तो जेवढा मोठा दिसला तेवढा मी कल्पनेत धरला नव्हता, आमच्या चादरी त्यापुढं रुमाल. मुली चार-चारच्या दोन फळ्यांत उभ्या. उतरणारा वाऱ्याकडं वळला, आणि शेवटच्या क्षणी आमच्या अंदाजापेक्षा वीसेक पावलं डावीकडं सरकला. उजवीकडची फळी चुकीच्या जागी राहिली. कॅप्टन पोरीनं धरलेली दिशा सोडली, पाय घसरला, तरी गुडघ्यावर सावरून उठली. पिशवी धप्पकन मुरमात बसली. हिरवा पट्टा जमिनीपासून हातभर वर असताना तिचे दोन्ही हात त्याच्याखाली होते, मागोमाग बाकीच्यांचे. उतरणारा चार पावलं पळून थांबला, मागं वळून बघितलं आणि अंगठा वर केला. हवालदारानं दोरी सोडवली. पोरीच्या गुडघ्याला मुरूम लागून रक्त आलेलं. माझ्याकडं बघून विचारते कशी, "सर, फाऊल तर न्हाई ना?"

टीमनं पॅराशूट आवरायला शाळेचा हॉल मागितला होता. ताडपत्री अंथरून त्यावर एकेक पॅराशूट लांबसडक पसरलं. आमच्या पोरांनी उडीपेक्षा हे जास्त वेळ बघितलं. दोऱ्या पायथ्यापासून बोटांतून ओढत सरळ करायच्या, कप्पे मोजून घ्यायचे, घड्या घालायच्या, आणि मग पोटावर झोपून कापडातली हवा काढायची. मऊ नायलॉन हातातून निसटत राहतं. सवय असलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत पिशवी बंद करतो. मोठं पॅराशूट ज्याचं त्यानं बांधायचं, राखीव मात्र स्वतः नाही. ते त्या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस बांधतो आणि दोऱ्याला शिशाचं सील लावतो. सील शाबूत आहे का हे दर उडीआधी बघायचं.

हॉलच्या दारात आमच्या गल्लीतले आण्णा खुर्ची टाकून बसले होते. आण्णा २ पॅराचे. ही मूळची मराठा पलटण, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्यात गेली. आणि आण्णा ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या लढाईत, तिथल्या टांगाईलला पॅराशूटनं उतरलेल्यांपैकी. हे आम्हाला माहीत होतं, पण ते त्यावर कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी कापडाची घडी बघून स्वतःच बोलायला लागले.

"आमचं गोल हुतं. इमानातल्या तारंला हुक अडकवायचा, भाईर पडलं की आपोआप उघडायचं. दोऱ्या वढून जरा इकडं-तिकडं व्हायाचं, बाकी वारा नेईल तिकडं. तुमच्यावानी फुली कोण मांडणार हुतं तितं?"

टीममधले जवान काम सोडून भोवती बसले. सुभेदार उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही. माणसं लांब लांब पांगून उतरली, सामान कुठल्या कुठं पडलं, असं आण्णा सांगत होते. पुंगलीचा पूल घ्यायचा होता, ढाक्याकडं मागं हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तिथं अडवायची. एका पोरानं विचारलं, "मग खाली तुम्हाला कोण होतं, आण्णा?"

"गावातली माणसं. 'जय बांगला' म्हणत आली पळत. आमच्या पेट्या डोसक्यावर घेतल्या आन् चालली आमच्यासंगं. त्यांची भाषा आमाला येत न्हवती, आमची त्यांना न्हवती." सोळा तारखेला ढाक्यात सगळ्यात आधी शिरलेल्यांत त्यांची पलटण होती. ते त्यांनी सांगितलं नाही, सुभेदारानं पोरांना सांगितलं.

दुपारच्या आत टीम सांबऱ्याला निघाली. जायच्या आधी मुलींनी त्यांना खो-खो खेळायला लावलं आणि पार धूळ चारली. फ्रीफॉलवाल्यांना पाटीत नीट बसताही येत नव्हतं.

संध्याकाळी मी विहिरींवरचे बांबू काढायला गेलो. शेतकरी बांधावर उभाच होता. "राहूद्यात सर," म्हणाला. "लाइट रातचीच येती. मोटर चालू करायला येताना काठ कुठं हाय ते कळतंय तरी." मी म्हटलं, मग कठडाच बांधून घ्या की. फॅक्टरीचं बिल आलं की बांधतो म्हणाला. बिल येऊन गेलं, फडकी अजून तिथंच आहेत.